नकाशा : कागदावरचा आणि पडद्यावरचा

धुऱ्यावरून होणारी भांडणे आमच्या वऱ्हाडात नवी नाहीत. हातभर पट्टीसाठी सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, दोन दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, आणि शेवटी वादातल्या जमिनीच्या किमतीहून वकिलाची फी मोठी होऊन बसते. अशा प्रत्येक भांडणात केव्हातरी कोणी वडीलधारा म्हणतो, "नकाशा काय म्हणतो ते पाहा." मग कागद उलगडला जातो, आताशा कागदाऐवजी मोबाईलचा पडदा पुढे केला जातो. त्यावर एक रेघ असते. ती रेघ कोणी काढली, कोणत्या साली काढली, कशाने मोजून काढली, हे त्या घोळक्यातल्या एकालाही बहुधा ठाऊक नसते. तरीही तिचा शब्द अखेरचा मानला जातो.

ज्याचा शब्द इतका चालतो त्याची उलटतपासणी आपल्याला करता आली पाहिजे, असे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना वाटते. आमचा शाळेशी संबंध लवकर सुटला. मोजमापाची विद्या आम्ही शिकलो ती कामाच्या जागी. रोजगार हमीच्या कामावर खोदलेल्या मातीचे माप निघते आणि त्या मापावर मजुरी ठरते. ज्याच्या हाती फीत, त्याच्या हाती मजुराच्या घरची चूल. तेव्हा फीत कशी धरतात, माप वहीत कसे चढते, हे समजून घेणे आम्हांस भागच पडले. आणि फितीपासून साखळीपर्यंत व साखळीपासून नकाशापर्यंत आम्ही आपोआप येऊन पोचलो.

नकाशा कागदावरून पडद्यावर कसा आला हे येथे सांगावयाचे आहे. पण ते सांगताना एक गोष्ट धरून चालू. नकाशा ही जमिनीविषयी कोणीतरी दिलेली साक्ष आहे. साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याची नजर, त्याचे साधन आणि त्याला विचारलेला प्रश्न यांपलीकडचे तो सांगू शकत नाही. कागद जाऊन पडदा आला म्हणून हे बदललेले नाही.

कागदाच्या आधीपासून आरंभ करू. त्यासाठी आपल्याला वाशीमच्या बाहेर जाण्याचीही गरज नाही. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात या शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याने दिलेला एक ताम्रपट वाशीमला सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याच्या संपादनात भाग घेतला. त्यात एक गाव दान दिल्याची नोंद आहे. ते गाव कोठे, तर नांदीकडच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तर मार्गावर. नकाशा नाही, आकृती नाही. गावाचा पत्ता शब्दांत सांगितलेला आहे. जुन्या काळी बहुतेक सर्व जमीन अशी शब्दांतच मोजली जाई : पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्या गावाची वाट, पश्चिमेस वडाचे झाड. ही रीत मेलेली नाही. आज खरेदीखत लिहिताना चतुःसीमा लिहितात, ती हीच. शब्दांच्या नकाशात एक मोठा गुण आहे : तो साध्या माणसाला समजतो. दोष असा, की वडाचे झाड पडले की सीमा पडली.

याच वत्सगुल्माचे नाव जुन्या ज्योतिषग्रंथांतही येते. आज जसे जगाचे रेखांश ग्रीनिचपासून मोजतात, तसे भारतीय ज्योतिषी लंका आणि उज्जयिनी यांवरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेपासून मोजीत. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने आपल्या 'महाभास्करीय' ग्रंथात या रेषेवरची गावे दिली आहेत. त्यांत वत्सगुल्म आहे. वाशीमचे मध्यमेश्वराचे देऊळ लोक याच मध्यरेषेशी जोडतात. आपल्या गावावरून जगाची मध्यरेषा जात होती याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? परंतु आज मोजून पाहिले तर उज्जैनचा रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला, आणि वाशीमचा सुमारे ७७ अंश ८ कला. म्हणजे दोन्ही गावे एका रेषेवर नाहीत. वाशीम सुमारे १४० किलोमीटर पूर्वेला आहे.

एवढा फरक का पडला? त्या गणित्यांची बुद्धी कमी होती म्हणून खचित नव्हे. गाव उत्तर-दक्षिण कोठे आहे हे काढणे सोपे असते. रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितका त्या गावाचा अक्षांश. वाशीमला तो २० अंशांच्या जवळपास दिसतो. पूर्व-पश्चिम ठरवणे मात्र फार अवघड. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. वाशीमला दुपार होते तेव्हा उज्जैनच्या दुपारला साडेपाच मिनिटे अवकाश असतो. हा साडेपाच मिनिटांचा फरक पकडायचा तर दोन्ही गावांची वेळ एकाच क्षणी ठाऊक हवी. घटिकापात्राच्या काळात त्याला एकच उपाय होता : दोन्ही ठिकाणांहून एकच चंद्रग्रहण पाहावयाचे आणि घटका ताडून घ्यावयाच्या. प्रवासात न बिघडणारे घड्याळ अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन हॅरिसन नावाच्या सुतारकाम शिकलेल्या कारागिराने बनवले, तेव्हा हा प्रश्न सुटला. जगाने ग्रीनिच ही मध्यरेषा मानली ती १८८४ साली, वॉशिंग्टनच्या परिषदेत. निसर्गाने तेथे रेघ मारलेली नव्हती; माणसांनी एकत्र बसून ती ठरवली. उज्जैनची रेषा माणसांनीच ठरवली होती. नकाशाच्या मुळाशी मोजणी असते, आणि मोजणीच्या मुळाशी ठराव असतो.

आता आमच्या देशातल्या मोठ्या मोजणीकडे वळू. सर्व्हे ऑफ इंडिया हे खाते १७६७ पासूनचे. परंतु सबंध देश एकाच गणितात बांधण्याचे काम १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टनने सुरू केले. युक्ती शाळेतल्या भूमितीची आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्याने सुमारे साडेसात मैलांची एक पायारेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजली. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरची टेकडी पाहिली आणि कोन मोजले. पहिला त्रिकोण झाला. त्याच्या बाजूवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. पुढे साखळी जमिनीवर फारशी ओढावी लागली नाही. डोळा आणि गणित यांनीच वाट काढली. अशी त्रिकोणांची माळ कन्याकुमारीपासून वऱ्हाड ओलांडून मसुरीपर्यंत, सुमारे २४०० किलोमीटर गेली. हे काम करीत असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्ब्टन आपल्या विदर्भात, हिंगणघाटला मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने नेटाने तडीस नेले.

लॅम्ब्टन आणि एव्हरेस्ट ही नावे राहिली. पण कोन मोजण्याचे यंत्र अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे होते, आणि ते टेकड्यांवर आपोआप चढले नाही. हमाल, खलाशी, निशाणवाले, मचाण बांधणारे, जंगल तोडणारे असे शेकडो लोक त्यात होते. तापाने त्यांतले कित्येक गेले. त्यांची नावे नकाशाच्या कोपऱ्यात कोणी छापली नाहीत. जी नावे कळतात त्यांतले एक राधानाथ सिकदार. १८३१ साली हा बंगाली तरुण या खात्यात गणक म्हणून लागला. त्या काळी 'कॉम्प्युटर' हे यंत्राचे नाव नव्हते. आकडेमोड करणाऱ्या पगारी माणसाच्या हुद्द्याचे ते नाव होते. सिकदारांच्या आकडेमोडीतूनच १८५२ च्या सुमारास हिमालयातले पंधराव्या क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच असल्याचे दिसले. १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली, आणि पुढे शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्टचे. दुसरे नाव कुमाऊंच्या नैनसिंग रावतांचे. तिबेटात मोजणीदाराला बंदी होती, म्हणून हे शाळामास्तर यात्रेकरूच्या वेशात गेले. ठरावीक लांबीचे पाऊल टाकण्याची सवय अंगी बाणवून, १०८ ऐवजी १०० मण्यांची माळ ओढीत, पावले मोजून त्यांनी ल्हासापर्यंतचा मार्ग नकाशावर आणला. १८७७ साली त्यांना लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

देशाचा सांगाडा असा तयार झाला, पण शेताचा नकाशा निराळ्या वाटेने आला. वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला, आणि १८६० नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्याच्या पद्धतीने येथील शेतांची मोजणी झाली. ती हेतूने सारावसुलीची मोजणी होती. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौकोन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आपण आज गुंठ्याने भाव करतो, त्यात ती साखळीच बोलत असते.

शेत मोजताना मोजणीदार शेतातून एक सरळ रेषा धरी, आणि त्या रेषेपासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंतचे काटकोनी अंतर साखळीने घेई. ही सारी मापे आकड्यांत लिहिलेला जो कागद, त्याला टिपण म्हणतात. टिपणातली आकृती हाताने काढलेली, ओबडधोबड असेल, पण तिच्यावरचे आकडे जमिनीवरून घेतलेले असतात. अशा टिपणांवरून सबंध गावाचा नकाशा जुळवला जाई. टिपण आणि गाव नकाशा यांतला हा फरक प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात ठेवावा. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, घडीवर फाटतो. त्यामुळे नकाशावरची रेघ हलते. टिपणावरचा आकडा हलत नाही.

रेघेच्या जाडीचाही विचार करा. गावाचा नकाशा १:५००० प्रमाणावर असला, तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. शाईची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली तरी ती जमिनीवर अडीच मीटर, म्हणजे आठ फूट झाकते. ज्या धुऱ्यावरून डोकी फुटतात तो सबंध धुरा त्या एका रेघेच्या पोटात मावतो! म्हणून नुसत्या गाव नकाशावर फूटपट्टी ठेवून हद्द ठरवणे हे गाढवाच्या पाठीवर सोने तोलण्यासारखे आहे.

नकाशात काय आले हे जितके महत्त्वाचे, तितकेच काय आले नाही हेही. सारा शेतीवर होता. म्हणून शेतन् शेत मोजले गेले. गावठाणावर तसा सारा नव्हता. म्हणून जुन्या गाव नकाशात गावठाण म्हणजे एक मोकळा ठिपका. त्यातली घरे, बोळ, गावकुसाबाहेरची वस्ती, यांची मोजणीच झाली नाही. ज्यांच्याकडे शेत होते त्यांच्याकडे कागद आला. ज्यांच्याकडे नुसते घर होते त्यांच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या कागद मिळाला नाही, आणि कागद नसल्याने बँकेच्या दारात उभे राहण्याची सोयही नव्हती. शेतमजुराची गरिबी एका नकाशाने आणली असे आम्ही म्हणत नाही. पण त्याचे घर मोकळे ठेवून नकाशाने त्या गरिबीवर शिक्का मात्र मारला.

रेघा पुसल्याही जातात. इंग्रजी अमदानीत बासीम नावाचा जिल्हा होता. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तो मोडला आणि वाशीम अकोल्यात गेले. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. मधल्या ९३ वर्षांत जमीन बोटभरही हलली नाही. पण कामासाठी अकोल्याची वारी करावी लागणारा माणूस आणि वाशीमलाच काम होणारा माणूस यांच्या आयुष्यात त्या रेघेने फरक पाडला. नकाशावरची दुसरी एक रेघ कापसाने ओढली. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारा अरुंद रूळमार्ग, ज्याला लोकांनी शकुंतला म्हटले, तो या भागातला कापूस बाहेर नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी घातला गेला. आज त्या रुळांवर गाडी नाही. आता कारंजा-मालेगाव भागातून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची ७०१ किलोमीटरची रेघ गेली आहे. तिचा नागपूर-शिर्डी हा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. जुन्या आणि नव्या नकाशांची चळत शेजारी ठेवून पाहिली, तर कोणत्या काळी कोणाच्या मालाला वाट हवी होती ते वाचता येते.

नकाशा डोळ्यांना न दिसणारेही दाखवतो, हे त्याचे सामर्थ्य. वाशीमजवळच्या उंच पठारावर पडलेला पाऊस दोन दिशांना जातो. काटेपूर्णेत पडलेला थेंब पूर्णेतून तापीत जातो आणि अरबी समुद्राला मिळतो. पलीकडे पैनगंगेकडे वळलेला थेंब वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा फिरत बंगालच्या उपसागरात पोचतो. वावरात उभे राहून हे कोणालाही दिसणार नाही. तेथे फक्त चिखल दिसतो. नद्यांच्या रेघा एकत्र मांडल्या तेव्हा कळले की आपला जिल्हा दोन समुद्रांच्या पाणलोटांच्या पाठीवर बसलेला आहे, आणि पाणी अडवायचे तर ते कोठे अडवावे. लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ आली तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर खुणांनी मांडली. खुणा ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती दाटल्या होत्या. रोग हवेतून येतो असे मानणाऱ्या काळात पाण्यावर बोट ठेवायला तो नकाशा उपयोगी पडला. प्रत्येक घरातले दुःख त्या त्या घराला ठाऊक होते. एकत्र मांडल्यावर ते ज्ञान झाले.

ही एकत्र मांडण्याची रीतच संगणकाने उचलली. पूर्वी नकाशा काढणारे लोक पारदर्शक कागद एकावर एक ठेवीत : एकावर नद्या, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर माती. कॅनडात १९६० नंतर रॉजर टॉमलिन्सन यांनी देशाच्या जमिनीची अशी मोजदाद संगणकावर घेण्याचे काम सुरू केले. नकाशा तेथे चित्र राहिला नाही. तो आकड्यांची वही झाला. प्रत्येक विहिरीला दोन आकडे, तिचा अक्षांश व रेखांश, आणि त्यापुढे तिची खोली, तिचे पाणी, तिचा मालक. चित्र हवे तेव्हा त्या वहीतून काढावयाचे. कागदावर एकदा छापलेला रस्ता पुढच्या आवृत्तीपर्यंत तसाच राहतो. वहीतला आकडा आज बदलला की उद्या सर्वांना बदललेला दिसतो.

मग आभाळातून डोळे आले. भारताचा नियमित कामासाठीचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आय.आर.एस.-१ए हा १७ मार्च १९८८ रोजी वर गेला. आपण कोठे आहोत हे सांगणारे उपग्रह निराळे. अमेरिकेच्या सैन्याने आपल्या कामासाठी सोडलेले हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ सांगत असतात. मोबाईल एवढेच पाहतो, की त्या उपग्रहाची हाक निघाली केव्हा आणि आपल्यापर्यंत आली केव्हा. हाक प्रकाशाच्या वेगाने येते. लागलेल्या वेळावरून अंतर निघते. चार उपग्रहांपासूनची अंतरे कळली की जागा ठरते. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तर जागा ३०० मीटरने चुकते. पूर्वी सर्वसामान्यांसाठी हा संकेत मुद्दाम अंधुक केलेला असे. २ मे २००० पासून अमेरिकेने तो अंधुकपणा काढला, आणि फोनवरचे नकाशे खऱ्या अर्थाने शक्य झाले. गुगलचा नकाशा २००५ मध्ये आला. आपल्या इस्रोने २००९ मध्ये 'भुवन' सुरू केले, आणि २०१३ पासून स्वतःचे दिशादर्शक उपग्रह सोडण्यास आरंभ केला. भास्कराच्या काळी ज्यासाठी चंद्रग्रहणाची वाट पाहावी लागे, तो रेखांश आज पोराच्या खिशात आहे.

येथवर सर्व आनंदाचेच आहे. आता साक्षीदाराला थोडे प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न अचूकपणाचा. पडद्यावर दोन बोटे फाकवली की रेघ मोठी होते, आणि पाहणाऱ्याला वाटते की आता बारीकसारीक सारे दिसले. पण संगणकावर असलेले पुष्कळ गाव नकाशे जुने कागद यंत्राने टिपून, त्यांवरच्या रेघा गिरवून तयार झालेले आहेत. कागद आकसला असेल तर त्याचे आकसणे आणि घडीची सुरकुतीही पडद्यावर आली. रेघ मोठी केली म्हणजे मूळची चूकही मोठी दिसते. अचूकता वाढत नाही. शिवाय जुने देशाचे नकाशे पृथ्वीचा जो आकार १८३० मध्ये एव्हरेस्टने धरला त्यावर बेतलेले, आणि उपग्रह १९८४ च्या जागतिक आकारावर चालतात. हिशेब न जुळवता एकावर दुसरा ठेवला तर जागा शंभर मीटरहूनही अधिक सरकू शकते. साध्या मोबाईलला मोकळ्या आभाळाखालीही काही मीटर इकडेतिकडे होतात. त्यावर धुऱ्याचा न्याय करू नये. सरकारी मोजणीत आता रोव्हर नावाचे यंत्र वापरतात. एक ठाणे कायमच्या जागी बसवलेले असते. त्याला स्वतःची जागा नेमकी ठाऊक असल्याने उपग्रहाचा संकेत या क्षणी किती चुकतो आहे हे ते ओळखते आणि दुरुस्ती कळवते. त्यामुळे रोव्हरचे माप काही सेंटिमीटरांवर येते. तरीसुद्धा रोव्हर एवढेच सांगतो की तुम्ही कोठे उभे आहात. हद्द कोठे होती हे सांगायला टिपण आणि जुना खुणेचा दगडच लागतो.

दुसरा प्रश्न, नव्या नकाशात काय सुटले हा. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. ड्रोनने गावठाणातली घरे मोजून त्यांना मालकीचा कागद देण्याची ती योजना. जुन्या नकाशाने मोकळा सोडलेला ठिपका त्यामुळे भरतो आहे, आणि आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो. मात्र पांदण रस्त्याची गोष्ट उलटी आहे. जुन्या गाव नकाशात तुटक दुहेरी रेघ दिसते, ती गाडीवाट. तुटक एकेरी रेघ, ती पायवाट. या वाटांपैकी कित्येक दोन्हीकडच्या शेतांनी खाल्ल्या. आभाळातून काढलेल्या छायाचित्रात आज तेथे सोयाबीन दिसते. चित्र खोटे बोलत नाही. पण त्याला विचारले ते सांगते, आज तेथे काय आहे एवढेच. पूर्वी तेथून कोणाला जाण्याचा हक्क होता हे त्या चित्राला ठाऊक नाही. आडशेतातला लहान शेतकरी पेरणीला बैल कोठून नेणार, माल घरी कसा आणणार? त्याचा साक्षीदार तो जुना, पिवळा पडलेला कागद आहे. ज्या कागदाने शेतमजुराचे घर विसरले त्यानेच लहान शेतकऱ्याची वाट सांभाळली आहे. म्हणून नवा नकाशा आला म्हणजे जुना रद्दीत घालावा, या मताचे आम्ही नाही. दोन्ही समोरासमोर बसवावेत. तहसीलदाराकडे रस्त्याचा अर्ज करताना गाव नकाशाची नक्कल जोडली की कामाला आधार येतो, हा आमचा अनुभव आहे.

तिसरा प्रश्न, नकाशा कोणाच्या हाती हा. आपल्या देशात बराच काळ नकाशा ही सरकारी आणि सैनिकी वस्तू होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लोकांसाठी निराळी नकाशामालिका खुली केली. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राने भारतीय व्यक्ती व संस्थांना बहुतेक नकाशे पूर्वपरवानगीवाचून करण्याची मोकळीक दिली. ही मोठी गोष्ट झाली. पण सरकारची कोठडी उघडली आणि व्यापाऱ्याचे कुलूप लागले असे होऊ नये. आमच्या खेड्यांतली मुले पुण्या-मुंबईला जाऊन घरपोच माल पोचवण्याचे काम करतात. त्यांची मजुरी अंतरावर ठरते, आणि अंतर मालकाच्या फोनमधला नकाशा ठरवतो. उड्डाणपुलाला वळसा घालावा लागला, रस्ता खोदलेला निघाला, तर ते जादा किलोमीटर कोणाच्या खात्यात? आमच्या ओळखीच्या एका पोराने हा प्रश्न विचारला तेव्हा त्याला ऐकायला माणूसच नव्हता; पडद्यावर ठरावीक उत्तर उमटले. मातीचे माप चुकले तर आम्ही फीत धरणाऱ्यासमोर उभे राहू शकत होतो, पुन्हा मोजा म्हणू शकत होतो. फीत अदृश्य झाली म्हणून पुन्हा मोजण्याचा हक्क जाता कामा नये. पुढच्या काळातल्या कामगार संघटनांच्या मागण्यांत ही एक मागणी राहील.

याच्या उलट चांगले उदाहरणही आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा कोणा एका मालकाचा नाही. जगभरचे लोक आपापल्या गल्लीची, हातपंपाची, दवाखान्याची नोंद त्यात स्वतः करतात, आणि एकाचे चुकले तर दुसरा सुधारतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, तिच्यातही शेतकरी स्वतः शेतात उभा राहून आपल्या पिकाची नोंद करतो. जो आजवर नुसता मोजला जात होता त्याच्या हाती मोजण्याचे साधन आले, याचे महत्त्व फार आहे. फक्त ते हाताळण्याची विद्या त्याच्यापर्यंत गेली पाहिजे. नाहीतर शेजारचा शिकलेला पोरगा त्याच्या नावाने बटण दाबील.

आता करावे काय? आमचे म्हणणे साधे आहे. प्रत्येकाने एकदा तरी आपल्या गावाचा नकाशा आणि आपल्या शेताचे टिपण भूमि अभिलेख कार्यालयातून मागून घ्यावे, नक्कल मिळते. ते घेऊन शेतात जावे, जुना खुणेचा दगड शोधावा, आणि कागदावरचा आकडा जमिनीवर ठेवून पाहावा. ज्यांना शेत नाही त्यांनी आपले घर गावठाणाच्या नव्या नकाशात आले आहे काय, आणि नाव व माप बरोबर आहे काय, हे कागद कायम होण्यापूर्वी पाहावे. हरकत घेण्याची मुदत टळली की धावपळ वाढते. वर्षातून एका ग्रामसभेत गाव नकाशा भिंतीवर लावून मोठ्याने वाचावा : ही पांदण, हा नाला, ही स्मशानभूमी, हे गायरान. शाळेच्या गुरुजींनी सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन शिवाराला फेरी घालावी. नकाशावर जी रेघ आहे ती पायाखाली सापडते का, आणि पायाखाली जी वाट आहे ती नकाशात आहे का, हे मुलांनी वहीत लिहून आणावे. त्या दोन यादींत जो फरक पडेल तो तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीकडे अर्जाच्या रूपाने द्यावा.

आणि नकाशा समोर आला, मग तो कागदी असो की काचेवरचा, की त्याला चार प्रश्न विचारावेत. तू कोणासाठी काढला गेलास? कशाने मोजलास, आणि किती चुकू शकतोस? तुझ्यात काय आले नाही? आणि तुझे चुकले तर दुरुस्तीचा अर्ज कोणाकडे करायचा? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे अभ्यासाने मिळतात. चौथ्याचे उत्तर जेथे मिळत नाही, तेथे चार माणसांनी एकत्र येऊन ते मागावे लागते.